कॅप नको, आधी फ्लोअर द्या

बेसबॉलमधला पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, पॉल स्कीन्स याचं २०२५ चं रेकॉर्ड एकदा शांतपणे वाचून बघा. ईआरए १.९७, म्हणजे नऊ इनिंगमागे दोन रनसुद्धा नाहीत, २१६ स्ट्राइकआउट, नॅशनल लीगच्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग अवॉर्ड आणि तोही एकमताने. आणि आता पुढचा आकडा बघा, जिंकलेल्या १०, हरलेल्या १०. लीगमधला सगळ्यात भारी पिचर आणि त्याच्या नावापुढे दहा-दहा, कारण तो जीव तोडून बॉल टाकत होता आणि आमच्या पिट्सबर्ग पायरेट्सच्या बॅटर्सनी त्या वर्षी तीस टीम्समध्ये सगळ्यात कमी रन काढले, होमरनही सगळ्यात कमी आमचेच. टीम ७१-९१ वर संपली. मे महिन्यात १२-२६ वर असताना मॅनेजर डेरेक शेल्टनला काढून डॉन केलीला आणलं, पण मॅनेजर बदलून बॅटर थोडेच मिळतात.

हे आत्ता लिहायला बसलो कारण १ डिसेंबर २०२६ ला रात्री मेजर लीगचे ओनर्स आणि खेळाडूंची युनियन यांच्यातला करार संपतोय आणि जो तो म्हणतोय की दुसऱ्या दिवशी लॉकआउट होणार, म्हणजे ओनर्स टाळं लावणार, ओनर्सना सॅलरी कॅप पाहिजे, म्हणजे टीमच्या एकूण पगारावर वरची मर्यादा, युनियन म्हणते मेलो तरी देणार नाही. आणि पिट्सबर्गमध्ये जिथे जाल तिथे, ऑफिसात, बसमध्ये, मॅच बघताना शेजारी बसलेला अनोळखी माणूसही, सगळे एकच सांगतात, कॅप आणा, कॅप आल्याशिवाय आपल्यासारख्या गरीब टीमचं काही खरं नाही. मला हे अजिबात पटत नाही, मला आधी फ्लोअर हवा, म्हणजे टीमने पगारावर किमान एवढा खर्च करावाच अशी खालची रेघ, आणि कॅप का पटत नाही ते नीट मांडायचंय, कारण दोन ओळीत बोललं की लोकांना वाटतं मी करोडपती खेळाडूंची वकिली करतोय.

तर आधी स्कीन्सचीच गोष्ट घेऊ, कारण हा पोरगा म्हणजे गेल्या कराराचं चालतंबोलतं उदाहरण आहे. तो आमच्याकडे आला कसा? ड्राफ्ट म्हणजे नवे खेळाडू टीम्सनी नंबराप्रमाणे निवडायचे. २०२२ च्या करारात युनियनने ड्राफ्ट लॉटरी मिळवली, की सगळ्यात जास्त हरणाऱ्या टीमला आपोआप पहिला नंबर मिळू नये, म्हणजे मुद्दाम हरत बसायची हाव कमी होईल. २०२२ मध्ये सगळ्यात वाईट रेकॉर्ड वॉशिंग्टनचं होतं, ५५-१०७, आम्ही ६२-१००. जुना नियम असता तर पहिला पिक त्यांचा. लॉटरीत नंबर आमचा लागला आणि २०२३ च्या ड्राफ्टमध्ये एलएसयू कॉलेजचा स्कीन्स आमचा झाला. मग २०२४. सीझन सुरू झाला मार्चच्या शेवटी आणि स्कीन्स होता इंडियानापोलिसला, ट्रिपल-एमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या एक पायरी खाली. तिथे त्याने काय केलं, सात स्टार्ट, ईआरए ०.९९, सव्वीस-सत्तावीस इनिंगमध्ये ४५ स्ट्राइकआउट. ट्रिपल-एचे बॅटर त्याच्यासमोर नुसते उभे राहायचे. आणि तरी तो मेजर लीगमध्ये आला ११ मेला.

आता ११ मेच का, हे समजायला सर्व्हिस टाइम समजून घ्यावा लागतो आणि मला वाटतं प्रत्येक फॅनने हे एकदा समजून घ्यावंच, कारण टीमचे निम्मे न कळणारे निर्णय इथून निघतात. मेजर लीगचा सीझन साधारण १८७ दिवसांचा. त्यातले १७२ दिवस तुम्ही रोस्टरवर, म्हणजे टीमच्या खेळाडूंच्या यादीत, असलात की एक वर्षाची सर्व्हिस झाली. अशी सहा वर्षं भरली की तुम्ही फ्री एजंट, हव्या त्या टीमकडे जायला मोकळे, तोपर्यंत ज्या टीमने तुम्हाला घेतलं तिचेच. पहिली तीनेक वर्षं टीम देईल तेवढा पगार, म्हणजे बहुतेकांना किमान पगार किंवा त्याच्या थोडा वर, जो २०२६ साठी ७,८०,००० डॉलर आहे. मग तीन वर्षं आर्बिट्रेशन, म्हणजे पगारावर एकमत झालं नाही तर लवाद ठरवतो, तिथे पगार वाढतो. मग सुटका. म्हणजे पोराला दोन-तीन आठवडे उशिरा वर आणलं की त्याचं एक वर्ष पूर्ण भरत नाही आणि टीमला तो सहाच्या ऐवजी जवळजवळ सात वर्षं मिळतो. क्रिस ब्रायंटचं उदाहरण सगळ्यांना माहितीये, २०१५ मध्ये शिकागो कब्जने त्याला १७ एप्रिलला आणलं, सीझन संपला तेव्हा त्याचे दिवस झाले १७१. एक दिवस कमी! पठ्ठ्या त्या वर्षी रूकी ऑफ द इयर, म्हणजे नवख्यांतला सर्वोत्तम, झाला, पुढच्या वर्षी एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, कब्जने १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि त्याने त्या एका दिवसासाठी केलेली तक्रार २०२० मध्ये फेटाळली गेली. टीम म्हणाली होती की त्याची फील्डिंग अजून कच्ची आहे, तीही बरोबर तेवढे दिवस होईपर्यंतच कच्ची राहिली.

त्यावर २०२२ च्या करारात युनियनने एक गोष्ट पदरात पाडून घेतली, रूकी ऑफ द इयरच्या मतदानात पहिल्या दोघांत आलास तर कधीही वर ये, पूर्ण वर्षाची सर्व्हिस मिळेल. स्कीन्स ११ मेला आला आणि रूकी ऑफ द इयर झाला, त्यामुळे त्याला पूर्ण वर्ष मिळालं आणि तो २०३० ऐवजी २०२९ नंतर फ्री एजंट होणार. म्हणजे पायरेट्सने थांबवून ठेवून मिळवलं काय? काहीच नाही. उलट त्याला सुरुवातीपासून रोस्टरवर ठेवलं असतं तर नव्या नियमाप्रमाणे आम्हाला एक जादा ड्राफ्ट पिक मिळाला असता, तोही गेला आणि त्याचे एप्रिलमधले पाच-सहा स्टार्टही गेले. टीमचं म्हणणं होतं की कॉलेजमधून आलेला पिचर आहे, त्याच्या इनिंग्स हळूहळू वाढवायच्या आहेत, हात जपायचाय. हात जपायला माझा विरोध नाही. पण हात मेजर लीगमध्येही जपता येतो, तीन-चार इनिंग तिथेही टाकता येतात.

त्याच वर्षीची ११ जुलैची मिलवॉकीची मॅच आठवते का? स्कीन्सने सात इनिंग टाकल्या, एकही हिट नाही, ११ स्ट्राइकआउट, ९९ पिचेस, आणि शेल्टनने त्याला काढलं. मॅच आम्ही १-० जिंकलो. मी टीव्हीसमोर उभा राहून ओरडत होतो की राहू दे रे त्याला. पण दुसऱ्या दिवशी डोकं थंड झाल्यावर वाटलं की एकट्या शेल्टनला काय बोलायचं. ९९ पिचेस झाल्यात, बावीस वर्षांचा पोरगा आहे, कुठलाही मॅनेजर काढेलच. खरी चीड येते ती स्कोअरची. सात इनिंग नो-हिटर टाकणाऱ्या पिचरच्या मागे एक रन. एक! त्याला पाच रनची आघाडी दिली असती तर तो निर्णय एवढा टोचलाही नसता. हात जपताय ते बरोबरच आहे हो, पण जपलेला हात ज्या वर्षांत वापरायचाय ती वर्षंच बॅटर न घेता चाललीत आणि हा हिशोब कुणी मांडत नाही.

आणि हे काही आजचं नाही. जानेवारी २०१८ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने गेरिट कोल ह्यूस्टनला दिला आणि अँड्र्यू मॅककचन सॅन फ्रान्सिस्कोला. २०१३ ला वीस हरलेल्या सीझन्सनंतर ज्यांनी आम्हाला परत पोस्टसीझन दाखवला त्यातलाच तो मॅककचन. त्या पोस्टसीझनच्या पहिल्या, वाइल्ड कार्ड मॅचला सिनसिनाटीचा पिचर क्वेटो याचं नाव अख्ख्या स्टेडियमने घोकत त्याच्या हातातून बॉल पाडला आणि पुढच्याच पिचवर रसेल मार्टिनने होमरन मारला, ते पाहिलेला माणूस २०१८ चा जानेवारी विसरू शकत नाही. कोलची फ्री एजंट व्हायला दोन वर्षं राहिली होती, मॅककचनचं एक. म्हणजे कॅलेंडर बघून विकले. कोल पुढे न्यूयॉर्क यँकीजकडे नऊ वर्षांच्या ३२४ मिलियनवर गेला, तो आम्हाला ठेवता आला नसता हे मी समजू शकतो. पण त्याच २०१८ च्या जुलैमध्ये आपण जिंकायला निघालोय म्हणून टॅम्पा बेकडून क्रिस आर्चरला आणलं आणि बदल्यात टायलर ग्लासनो, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ दिले. तिघे! आर्चरच का, तर त्याचं कॉन्ट्रॅक्ट स्वस्त होतं आणि अजून तीन वर्षं टीमच्या हातात होतं. त्या वेळच्या बाजारात त्याच्यापेक्षा चांगले पिचर होते, पण त्यांना पगार द्यावा लागला असता, म्हणून पैशाऐवजी पोरं दिली. माझं म्हणणं एवढंच आहे की विकतानाही कॉन्ट्रॅक्ट बघायचं आणि घेतानाही कॉन्ट्रॅक्टच बघायचं असं असेल तर मॅच कोण बघणार.

२०२३ मध्ये केलं तेव्हा फ्रँचायझीच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं कॉन्ट्रॅक्ट ब्रायन रेनॉल्ड्सचं होतं, आठ वर्षांचं, १०६.७५ मिलियनचं. तेव्हा हुआन सोतोच्या ७६५ मिलियनचा अजून पत्ता नव्हता, पण दीडशे-दोनशे मिलियनची कॉन्ट्रॅक्ट्स मधल्या फळीतल्या टीम्सनाही नवी राहिली नव्हती. गेल्या हिवाळ्यात थोडा हात सैल सोडला हे मान्य करायलाच हवं, ब्रँडन लाउला ट्रेडमध्ये आणलं, रायन ओहर्नला दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, आणि दोघेही खरे बॅटर आहेत. चांगलं केलं. पण २०२४ च्या हिवाळ्यात हेच केलं असतं तर?

आता कॅपकडे येऊ. आयपीएल बघणाऱ्यांना कॅप पटकन कळते, कारण तिथे प्रत्येक टीमला पर्स असते, २०२५ च्या मेगा ऑक्शनला १२० कोटींची होती, त्याच्या वर कुणी जाऊ शकत नाही, आणि माझे इकडचे मराठी मित्र मला हेच विचारतात की मग बेसबॉलमध्ये काय अडतंय. अडतंय हे की आयपीएल दोन महिन्यांची, तिथे खेळणाऱ्यांची युनियन नाही, आणि ऑक्शनमध्ये खेळाडूला कुठे जायचं ते निवडताच येत नाही. इथे सहा वर्षं बांधून राहिल्यावर जे स्वातंत्र्य मिळतं त्यासाठी लोकांनी करिअर घालवलंय. कर्ट फ्लडने १९६९ मध्ये सेंट लुईसहून फिलाडेल्फियाला ट्रेड झाल्यावर जायला नकार दिला, कमिशनरला पत्र लिहून सांगितलं की मी खरेदी-विक्रीची वस्तू नाही, सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, १९७२ मध्ये ५-३ ने हरला, आणि त्याचं खेळणं संपलं ते संपलंच. फ्री एजन्सी आली १९७५ च्या डिसेंबरमध्ये, मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन पिचर्सच्या केसमध्ये लवाद पीटर साइट्झने निकाल दिला तेव्हा. फ्लडला त्यातलं काही मिळालं नाही.

आणि पिट्सबर्गच्या माणसाला हे मी सांगायचं म्हणजे नवल आहे, कारण ही युनियन ज्या माणसाने उभी केली ते मार्व्हिन मिलर १९६६ मध्ये युनियनकडे आले ते युनायटेड स्टीलवर्कर्समधून, ज्यांचं हेडक्वार्टर याच शहरात आहे. मोनोंगाहेला नदीकाठच्या होमस्टेडला १८९२ मध्ये कार्नेगीच्या पोलाद कारखान्याला त्याचा कारभारी फ्रिक याने टाळं लावलं, पिंकर्टन कंपनीची भाडोत्री सशस्त्र माणसं बोटीतून आणली, गोळीबार झाला, माणसं मेली, हे इथे शाळेत शिकवतात. संप आणि टाळेबंदी यातला फरक जसा आपल्या गिरणगावात कुणाला समजावावा लागत नाही तसा तो इथेही लागायला नको. संप कामगार करतो, टाळं मालक लावतो. १९९४ ला खेळाडूंनी संप केला होता, २०२१ ला ओनर्सनी टाळं लावलं, आणि येत्या डिसेंबरला झालं तर तेही टाळंच असेल. तरी टीव्हीवर बघा, खेळाडू खेळायला तयार नाहीत अशीच भाषा चालते.

याच पायरेट्स टीमने १९४६ च्या जूनमध्ये जवळपास संप केला होता, हे किती जणांना माहितीये? रॉबर्ट मर्फी नावाच्या बोस्टनच्या वकिलाने खेळाडूंची गिल्ड, म्हणजे संघटना, काढली आणि सुरुवात पिट्सबर्गपासून केली, कारण हे युनियनचं शहर. क्लबहाऊसमध्ये मतदान झालं, संपाच्या बाजूने २०, विरोधात १६. पण ठरलं होतं दोन तृतीयांश, म्हणून ते मैदानात उतरले. गिल्ड मोडली. पण ओनर्स एवढे घाबरले की त्याच वर्षी ५,००० डॉलरचा किमान पगार आला, पेन्शनची बोलणी सुरू झाली, आणि स्प्रिंग ट्रेनिंगला जो हातखर्च मिळायला लागला त्याला खेळाडू पुढे कित्येक वर्षं मर्फी मनी म्हणत. त्या वीस जणांबद्दल मला फार आदर आहे. हरून सुद्धा त्यांनी सगळ्या लीगला काहीतरी मिळवून दिलं.

आता कॅपवाल्यांचा सगळ्यात मजबूत मुद्दा, तो म्हणजे पेंग्विन्स, आमच्या शहराची आइस हॉकी टीम. पिट्सबर्गमध्ये हा मुद्दा आला की समोरचा गप्पच होतो. एनएचएल या हॉकी लीगने २००४-०५ चा अख्खा सीझन घालवला, कॅप आणली, आणि त्यानंतर पेंग्विन्सनी २००९, २०१६ आणि २०१७ ला स्टॅनले कप जिंकला. मग पायरेट्सचंही तसंच होईल. पण नीट बघा ना, पेंग्विन्सकडे ओनर म्हणून मारियो लेम्यू होता ज्याला हरणं सहन होत नव्हतं, त्यांना सिडनी क्रॉस्बी मिळाला आणि त्यांनी तो ठेवला, आणि वर्षानुवर्षं कॅपच्या अगदी टोकाला जाऊन खर्च केला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एनएचएलच्या कॅपला खाली फ्लोअर आहे, एवढा खर्च करावाच लागेल अशी खालची रेघ. ज्या ओनरला आज कुणीही अडवलेलं नाही तरी तो खर्च करत नाही, त्याच्यासाठी वरची रेघ खाली आणून काय होणार? त्याची डोकेदुखी कमी होईल, लॉस एंजेलिस डॉजर्सची डोकेदुखी वाढेल, आणि आमचा शॉर्टस्टॉप मात्र तोच राहील.

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, कॅप आहे, तिथे न्यू इंग्लंड सहा वेळा जिंकलं आणि क्लीव्हलँड ब्राउन्स आजपर्यंत एकदाही सुपर बोलपर्यंत पोचलेले नाहीत. बेसबॉलमध्ये कॅप नाही आणि २००० च्या यँकीजनंतर सलग दोन वर्षं कुणी जिंकलंच नव्हतं, थेट डॉजर्सनी २०२४ आणि २०२५ ला जिंकेपर्यंत. कॅन्सस सिटी २०१५ ला जिंकली. मिलवॉकी, जे मार्केट म्हणून आमच्यापेक्षाही छोटं आहे, त्यांनी २०२५ ला ९७ मॅचेस जिंकल्या, सगळ्या लीगमध्ये सगळ्यात जास्त, रेग्युलर सीझनमध्ये डॉजर्सना सहाच्या सहा मॅचेस हरवलं. पुढे एनएलसीएसमध्ये, म्हणजे नॅशनल लीगच्या फायनलमध्ये, त्याच डॉजर्सनी त्यांना ४-० ने धुतलं हेही खरं. म्हणजे पैशाने फरक पडतो, पडत नाही असं मी म्हणतच नाहीये. ओटानीचं ७०० मिलियनचं कॉन्ट्रॅक्ट, त्यातले ६८० नंतर द्यायचे, आणि २०२५ चा डॉजर्सचा नुसता लक्झरी टॅक्स, म्हणजे पगार ठरलेल्या रेघेच्या वर गेला म्हणून भरायचा कर, १६० मिलियनच्या वर, तेवढ्यात कित्येक टीम्सचा अख्खा पगार निघतो. हे बघून मलाही राग येतो. डिफर्ड पैशावर बंधन आणा, माझी काही हरकत नाही. पण डॉजर्स जिंकण्यासाठी खर्च करतात म्हणून सगळ्यांना टाळं लावायचं आणि जे खर्चच करत नाहीत त्यांना कुणी विचारायचं नाही, हे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखं झालं.

कारण गरीब टीम हा शब्दच मला खुपतो. प्रत्येक टीम आपल्या स्थानिक कमाईचा ४८ टक्के भाग एका सामायिक गल्ल्यात टाकते आणि तो तीस टीम्समध्ये सारखा वाटला जातो, म्हणजे न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसचा पैसा पिट्सबर्गला येतोच. करारात लिहिलंय की हा पैसा टीम सुधारायला वापरायचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये युनियनने चार टीम्सविरुद्ध तक्रार दाखल केली की तुम्ही हा पैसा नीट वापरत नाही, मायामी, टॅम्पा बे, ओकलंड आणि आम्ही. कोल आणि मॅककचन गेले त्याच्या पुढच्याच महिन्यात. शिवाय नफा किती तोटा किती हे कुणाला माहिती नाही, कारण अटलांटा ब्रेव्ह्जची कंपनी शेअर बाजारात असल्यामुळे त्यांचे हिशोब दिसतात, बाकी जवळपास सगळे झाकलेले. टीम मात्र विकायला काढली की किंमत दिसते. बाल्टिमोर ओरिओल्स १९९३ मध्ये १७३ मिलियनला घेतली होती, २०२४ मध्ये १.७२५ बिलियनला विकली गेली. दहापट. हा पैसा कुठल्याही वर्षीच्या तोट्याच्या रडगाण्यात धरला जात नाही.

ओकलंडचं काय झालं ते तर सगळ्यांनी पाहिलं. जून २०२३ मध्ये तिथल्या फॅन्सनी ठरवून स्टेडियम भरलं, हिरवे सेल लिहिलेले टी-शर्ट घालून सत्तावीस हजारांच्या वर लोक आले, ओनरला सांगायला की फॅन आहेत, नाहीये ती तुझी इच्छा. नोव्हेंबरमध्ये बाकीच्या ओनर्सनी एकमताने टीम हलवायला परवानगी दिली. एकही मत विरोधात नाही. २०२५ पासून ते सॅक्रामेंटोजवळच्या मायनर लीगच्या स्टेडियममध्ये खेळतायत. हेच तीस ओनर आता आम्हाला सांगणार की कॅप फॅन्सच्या भल्यासाठी पाहिजे.

आमच्याकडेही २०२५ च्या होम ओपनरला सेल द टीमच्या घोषणा झाल्या, वर विमानाला बॅनर लावून फिरवलं. त्याच एप्रिलमध्ये आमच्या स्टेडियमच्या, पीएनसी पार्कच्या, उजव्या भिंतीवरची पायरेट्सचा दिवंगत महान खेळाडू रोबेर्तो क्लेमेंटे याच्या २१ नंबरची खूण काढून तिथे जाहिरात लावली होती. ती भिंतच मुळात २१ फुटांची आहे ती क्लेमेंटेच्या नावाने! त्याच्या मुलाने जाहीर नाराजी बोलून दाखवली, टीमने माफी मागितली आणि खूण परत लावली. चुकून झालं म्हणाले. असेलही. पण ती जागा कुणाला तरी रिकामी दिसली, यातच सगळं आलं.

युनियनचंही सगळं बरोबर असतं असं नाही, आणि फॅन म्हणून तेही बोललं पाहिजे. २०२२ च्या करारावर मतदान झालं तेव्हा खेळाडूंच्या आठ जणांच्या एक्झिक्युटिव्ह सबकमिटीने आठच्या आठ मतं विरोधात टाकली, त्यात शेरझर, कोल, लिंडोरसारखे मोठ्या कॉन्ट्रॅक्टवाले होते. आणि टीम्सच्या प्रतिनिधींनी २६-४ ने बाजूने मत दिलं. म्हणजे क्लबहाऊसमधल्या साध्या खेळाडूला किमान पगार ५,७०,५०० वरून ७,००,००० होतोय हे पुरेसं मोठं वाटत होतं. वरचे म्हणत होते लक्झरी टॅक्सची रेघ अजून वर न्या. तो फरक आजही आहे. तरुण खेळाडूंसाठी ५० मिलियनचा बोनस पूल आला, ज्यातून स्कीन्सला पहिल्याच वर्षी दोन मिलियनच्या वर मिळाले, हे उत्तमच, पण तीस टीम्स मिळून ५० मिलियन म्हणजे टीममागे दोन मिलियनसुद्धा नाही. खेळ आता पंचविशीतल्या पोरांच्या जिवावर चालतो आणि पैसा तिशीनंतर मिळतो, हे युनियनने स्वतःच इतकी वर्षं चालू दिलंय.

म्हणून मला करारात काय हवंय ते सांगतो. फ्लोअर हवा, आणि तो नुसता नाही तर दात असलेला, खर्च केला नाही तर सामायिक गल्ल्यातला वाटा कापायचा. ओनर्सनी २०२१ मध्ये १०० मिलियनचा फ्लोअर देऊ केला होता, पण सोबत लक्झरी टॅक्सची रेघ १८० वर खाली आणायची अट घातली, म्हणजे एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने दुप्पट काढून घ्यायचं, युनियनने नाही म्हटलं ते योग्यच. दुसरं, आर्बिट्रेशन दोन वर्षांनंतर सुरू करा, म्हणजे पोराला पाच आठवडे खाली ठेवायचा मोह आपोआप कमी होईल. तिसरं, हिशोब उघडा. कॅपवर बोलायचंच असेल तर कमाई किती ते आधी कळायला हवं, त्याशिवाय टक्केवारी कशाची काढणार? ओनर्सनी खरंच पुस्तकं टेबलावर ठेवली, खाली खणखणीत फ्लोअर ठेवला आणि खेळाडूंचा वाटा ठरवून दिला, तर मीही पुन्हा विचार करेन. पण तसं करायची तयारी आत्तापर्यंत कधी दिसलेली नाही. १९९४ लाही कॅपच पाहिजे होती. त्यासाठी १२ ऑगस्टला खेळ थांबला, वर्ल्ड सिरीज रद्द झाली, सॅन डिएगोचा बॅटर टोनी ग्विन .३९४ च्या बॅटिंग सरासरीवर अडकून राहिला, मॉन्ट्रियल एक्स्पोज ७४-४० वर सगळ्यांच्या पुढे होते, त्या शहराने पुढे दहा वर्षांत टीमच गमावली. शेवटी न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांनी मार्च १९९५ मध्ये मनाई हुकूम दिला तेव्हा खेळ सुरू झाला. आणि कॅप आलीच नाही. एवढं सगळं घालवून आली नाही!

यावेळी ओनर्सची तयारी जास्त आहे असं वाटतं. कमिशनर रॉब मॅनफ्रेड २०२५ मध्ये टीम टीमच्या क्लबहाऊसमध्ये जाऊन खेळाडूंशी बोलत होता, फिलाडेल्फियात ब्राइस हार्परने त्याला तोंडावर सांगितलं की कॅपबद्दल बोलायचं असेल तर आमच्या क्लबहाऊसमधून बाहेर जा, हे सगळ्या बातम्यांत आलं होतं. स्थानिक टीव्हीचा पैसाही आटलाय, २०२३ ला मॅचेस दाखवणारी डायमंड स्पोर्ट्स कंपनी दिवाळखोरीत गेल्यापासून बऱ्याच टीम्सचं ते गणित कोलमडलं, तो खरा प्रश्न आहे आणि त्यावर ओनर्सनी आपापसात जास्त वाटून घ्यायला पाहिजे. पण आपापसात वाटून घेण्यापेक्षा खेळाडूंकडून काढून घेणं सोपं. मोठी टीम छोट्या टीमला अजून द्यायला तयार नाही, म्हणून दोघी मिळून तिसऱ्याकडे बोट दाखवतात.

आणि डिसेंबरमध्ये टाळं लागलं म्हणून लगेच घाबरू नका, हिवाळ्यात खेळाडूंना तसाही पगार नसतो आणि ओनर्सची तिकीटविक्रीही नसते, त्यामुळे फेब्रुवारीत स्प्रिंग ट्रेनिंग जवळ येईपर्यंत कुणालाच चटका बसत नाही. गेल्या वेळी लॉकआउट ९९ दिवस चालला, १ मार्चला मॅनफ्रेडने पहिल्या मॅचेस रद्द केल्याचं जाहीर केलं आणि १० मार्चला करार होऊन सगळ्या १६२ परत बसवल्या. मी टाइमटेबल बघणार ते असं, डिसेंबर सोडून द्या, जानेवारीत कागद हलतात का बघा. २०२१ ला मॅनफ्रेडने फॅन्सना पत्र लिहून सांगितलं होतं की वाटाघाटींना वेग यावा म्हणून आम्ही टाळं लावतोय, आणि त्यानंतर पैशांबद्दलचं पहिलं प्रपोजल द्यायला ओनर्सनी सहा आठवडे लावले. यावेळी खेळाडूंच्या सबकमिटीत आमचा स्कीन्स आहे, आणि २०२६ संपल्यावर तो पहिल्यांदा आर्बिट्रेशनला पात्र होतो, म्हणजे तो जे नियम मागायला बसेल त्यातले काही सगळ्यात आधी त्यालाच लागू होणार. समोरच्या बाजूच्या तीस जणांत आमचा ओनर बॉब नटिंगही आहे. त्याने फ्लोअरच्या बाजूने एक वाक्य जरी जाहीर बोलून दाखवलं तरी मी २०२७ ची तिकिटं त्याच दिवशी काढतो.